बयाबाईचं मापाचं पोलकं

सुलाबाई पगारेचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्याची तिला लाजही वाटत नसे. दूधवाल्याच्या मापात ती बोट बुडवून बघायची. रविवार कारंजावरचा कापडवाला गज धरताना कापड ताणतो, असं तिचं पक्कं मत होतं. पोलक्याच्या टू बाय टू कापडाचा तुकडा घरी आणला की ती आधी तो बादलीत बुडवायची, वाळवायची आणि मगच त्याला कात्री लावायची. आटायचं ते माझ्या घरात आटू दे, गिऱ्हाइकाच्या अंगावर नको, असं म्हणायची. तिचा नवरा निवृत्ती सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. तो सांगायचा की लग्नात हिनं माझ्या गळ्यातल्या हाराची फुलंसुद्धा चिमटीत धरून बघितली, खरी आहेत का म्हणून. सुलाबाई यावर हसायची, पण नाही म्हणायची नाही.

कॉलनीतल्या तिच्या घराच्या ओट्यावर शिवणयंत्र होतं आणि आजूबाजूच्या सगळ्या बायकांची पोलकी त्या यंत्राखालून जात. सुलाबाई कुणाच्या अंगाला टेप लावत नसे. आपलं नीट बसणारं एक जुनं पोलकं बाईनं आणून द्यायचं आणि त्यावरून नवं बेतायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. नेहमीच्या बायका हे मापाचं पोलकं तिच्याकडेच ठेवून जात. तिच्या पत्र्याच्या पेटीत अशी सगळी कॉलनी घड्या घालून ठेवलेली असे. बायका त्यातही लबाडी करत. लग्नाच्या वर्षीचं पोलकं आणून म्हणत, याच मापाचं शिवा. सुलाबाई ते हातात धरून समोरच्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि विचारायची, हे तुझं हाय का तुझ्या धाकट्या बहिणीचं? मग ती बाई मुकाट्यानं दुसरं पोलकं आणायला घरी जायची.

काम करताना दोरा ओवलेली सुई तिच्या पोलक्यालाच टोचलेली असायची, डाव्या बाजूला, छातीवर. हात रिकामा झाला की सुई तिथे जायची आणि लागली की तिथूनच निघायची. बघायची गरज पडत नसे. लग्न होऊन सायखेड्याहून नाशकात आली तेव्हापासूनची ही सवय होती.

ब्याऐंशी सालचा पावसाळा सरता सरता एकदा सुई टोचताना तिच्या बोटाखाली काहीतरी टणक आलं. आधी तिला बटण वाटलं. मग लक्षात आलं की तिथे बटण असायचं काही कारण नाही. न्हाणीत जाऊन तिनं चाचपून बघितलं तर सुपारीएवढी गाठ. दाबली तरी दुखत नव्हती. दुखत नाही याचाच तिला पहिला संशय आला. अंगात काही बिघडलं तर अंग ओरडतं, एवढा तिचा अनुभव होता. हे गप्प बसलेलं काय आहे, ते तिला कळेना.

आणि लगेच तिला बयाबाई आठवली.

बयाबाई ही भिमाजी दोंदेची बायको. भिमाजी निवृत्तीच्याच कारखान्यात होता, आणि कॉलनीच्या गायन पार्टीतला मुख्य आवाज त्याचाच. भीमजयंतीच्या रात्री तो गायला उभा राहिला की दुसऱ्या वस्त्यांमधली माणसं येऊन बसत. बयाबाई पुढे बाजाच्या पेटीशेजारी बसून टाळ्या धरायची. ती गेली आणि भिमाजीनं गाणं सोडलं. आवाज मात्र तसाच राहिला, आणि त्या आवाजात तो आता एकच गोष्ट सांगे. माझी बया चांगली हिंडती-फिरती होती. छातीत लिंबाएवढी गाठ होती, ना दुखत होती ना खुपत होती. दवाखान्यात म्हणाले, तुकडा काढून तपासू. तुकडा काढला, सुरी लागली, आणि एका जागी बसलेलं ते अंगभर पसरलं. दिवाळीला तुकडा काढला आणि जयंतीच्या आत बया गेली. ऐकणाऱ्या बायका पदरानं डोळे पुसत आणि घरी जाऊन लेकी-सुनांना बजावत की गाठीला सुरी म्हणून लावू द्यायची नाही.

सुलाबाईला ही गोष्ट पटायला जड गेली नाही, आणि हे तिच्या बाबतीत नवलच होतं. पण ती आपल्या कामावरून विचार करत होती. कापड अखंड असतं तोवर धागा धाग्याला धरून असतो. कात्री लागली की कडेचा धागा सुटतो, त्याच्यामागे दुसरा, आणि वेळीच काठ दुमडून शिवला नाही तर बघता बघता सगळं भुसभुशीत होतं. आता छातीच्या आत काप घेतल्यावर त्याचा काठ कोण दुमडणार? जन्मभर कात्री धरणाऱ्या बाईला हा प्रश्न पडणारच होता. दुसरा संशय तिला स्वतःच्या सुईचा आला. इतकी वर्षं एकाच जागी टोचली, कधीतरी आत गेली असेल. तिनं सुई टोचायची जागा बदलली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

निवृत्ती बोलण्यापेक्षा बघणारा माणूस होता. पहिली पाळी करून आला, ओट्यावर चहा पीत बसला, आणि बायकोची सुई चिंध्यांच्या उशीला टोचलेली त्यानं बघितली. त्यानं विचारलं, सुई इथं कशी? सुलाबाई म्हणाली, अशीच. तो म्हणाला, इतक्या वर्षांत तू अशीच म्हणून काही केलं नाहीस. मग तिला सांगावं लागलं. निवृत्तीनं चहा अर्धा तसाच ठेवला.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो तिला कामगार विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तपासणारी डॉक्टरीण तरुण होती, आणि सुलाबाईला तेही खटकलं. हिला काय कळत असणार, आणि कळत असेल तर अजून इथे कशाला असती. डॉक्टरणीनं गाठ बघितली, काख चाचपली, आणि सांगितलं की गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, त्याशिवाय ती कसली आहे ते कळणार नाही. सुलाबाईनं विचारलं, तुकडा म्हणजे केवढा? डॉक्टरणीनं आपल्या बोटाचं नख दाखवलं. सुलाबाईनं विचारलं, आणि मी बेशुद्ध असताना अख्खी छाती काढली तर मला काय कळणार? डॉक्टरीण म्हणाली की तसं होणार नाही, आधी तुकडा, मग रिपोर्ट, आणि पुढचं काय ते तुम्हाला विचारून. मग सुलाबाईनं मुद्द्याचं विचारलं.

"सुरी लागली की पसरतं, असं म्हणतात."

"तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही, बाई," डॉक्टरीण म्हणाली. "बायका फार उशिरा येतात. तोवर तो आतून पसरलेलाच असतो. मग आम्ही तुकडा काढतो, बाई पुढे दगावते, आणि लोकांना आमची सुरी तेवढी दिसते. तुमची गाठ अजून लहान आहे. उशीर करू नका."

सुलाबाईनं हे ऐकून घेतलं आणि तिला कारंजावरचा कापडवाला आठवला. तोसुद्धा गज धरताना म्हणायचा, मावशी, मी ताणत नाही. आपल्या हत्याराला कोण नावं ठेवणार? तिनं डॉक्टरणीला सांगितलं, विचार करून येते, आणि परत न जाण्याचा विचार करूनच ती बाहेर पडली.

दारातून निघताना निवृत्ती मागे राहिला आणि डॉक्टरणीशी दोन शब्द बोलला. झालं. बसमध्ये सुलाबाई खिडकीबाहेर बघत होती, पण मनात एकच चाललं होतं, की यांनी सही केली. आपण एखाद्या दिवशी साधं तपासायला म्हणून जायचं आणि त्यांनी नेऊन टेबलावर घालायचं, असं दोघांचं ठरलंय. घरी आल्यावर निवृत्ती हातपाय धुवायला गेला तेव्हा तिनं खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा तपासला. त्यात बसचं तिकीट आणि तंबाखूची पुडी निघाली. निवृत्ती मागे उभा होता, ते तिला वळल्यावर दिसलं.

"सही केली ना तुम्ही?"

"तुझ्या अंगावर मी कशाला सही करू?" तो म्हणाला. "तिला विचारत होतो, थांबलो तर किती दिवस थांबता येईल."

तिनं विचारलं, मग काय म्हणाली? तो म्हणाला, थांबू नका म्हणाली. एवढं बोलून तो जेवायला बसला, आणि सुलाबाईला त्या वेळी त्याचा फार राग आला, कारण त्याच्यावर संशय घ्यायला आता जागा उरली नव्हती. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

असे बरेच दिवस गेले. ती रोज न्हाणीत गाठ चाचपायची. कधी वाटायचं आहे तेवढीच आहे, कधी वाटायचं वाढली. शेजारणी विचारायच्या की चेहरा का उतरलाय, तर तिला वाटायचं यांना कळलंय. कुणी विचारलं नाही तर वाटायचं, कळलंय म्हणूनच विचारत नाहीत. मशीनवर बसली की पाय चालायचे आणि डोकं भलतीकडेच असायचं. एका पोरीच्या पोलक्याला तिनं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मरणाची भीती तिला वाटत होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की आपल्याच हातानं आपण ते ओढवून घेऊ. सुरी लावली आणि पसरलं तर दोष आपला. नाही लावली आणि पसरलं तर तोही आपलाच. यातलं कुठलं खरं, हे सांगणारं एकही माणूस तिच्या भरवशाचं नव्हतं.

बातमी कारखान्यातून फिरत भिमाजीपर्यंत गेली आणि तो आपणहून घरी आला. निवृत्तीनं त्याला पाट दिला. सुलाबाई मशीनवर बसून काज करत ऐकत होती. भिमाजीनं आपली गोष्ट सुरू केली. तोच आवाज, तेच थांबणं. माझी बया चांगली हिंडती-फिरती होती, वहिनी. वाटाण्याएवढी गाठ हो, नुसती वाटाण्याएवढी. ना दुखत होती ना खुपत होती.

सुलाबाईचा हात थांबला.

बयाबाई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात याच माणसानं लिंबाएवढी म्हणून सांगितलं होतं. गेल्या जयंतीच्या आसपास कुणाच्या तरी ओट्यावर ती बोराएवढी झाली होती. आज वाटाणा. मेलेल्या बाईची गाठ दर वर्षी लहान होत चालली होती. कापड आटलेलं सुलाबाईला डोळे मिटून कळायचं, आणि ही गोष्ट आटत होती यात तिला शंका राहिली नाही. भिमाजी बोलत राहिला. निवृत्तीचे डोळे भरून आले. सुलाबाईनं दोघांना चहा केला आणि काहीच विचारलं नाही.

भिमाजी गेल्यावर तिनं पेटी उघडली. बयाबाईचं मापाचं पोलकं तळाशी होतं. ती गेल्यावर ते कुणी मागायला आलं नव्हतं आणि सुलाबाईलाही परत द्यायचं सुचलं नव्हतं. पांढरं पॉपलीनचं साधं पोलकं, हुकांच्या जागी गंज लागलेला. तिनं ते उलटं केलं आणि उजेडात धरलं. उजव्या बाजूची टीप पांढऱ्या दोऱ्याची, जशी मुळात मारली होती तशी. डाव्या बाजूची टीप उसवून, शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड सोडून, बाहेरून नवी टीप मारली होती. तिचीच टीप होती. दोरा मोतिया रंगाचा होता.

मोतिया दोरा तिनं आयुष्यात एकाच जयंतीला पांढऱ्या कापडावर वापरला होता. कारखान्यात टाळेबंदी होती, निवृत्ती घरी बसून होता, म्हणून तिनं मिळेल तेवढं काम घेतलं होतं, आणि जयंतीच्या तोंडावर, सगळ्या बायकांना पांढरं हवं असतं तेव्हाच, पांढरा दोरा संपला. उन्हात मोतिया दिसतो म्हणून बायकांनी किती नावं ठेवली होती. त्या गर्दीत बयाबाई आलेली तिला आता आठवली. डावीकडून जरा सैल करून द्या, काखेत घासतं, घाम फार येतो, असं म्हणाली होती, आणि पुढे तेच पोलकं मापाला ठेवून गेली होती. सुलाबाईनं तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. एक बाजू घासते आणि दुसरी घासत नाही, असं कसं, हा प्रश्न जगावर संशय घेणाऱ्या बाईला त्या दिवशी पडला नव्हता. आणि सुरी लागली ती दिवाळीला, पण टाळेबंदीच्या वर्षीच्या नाही, त्याच्या पुढच्या. मधे सबंध दीड वर्ष होतं.

ती पोलकं पिशवीत घालून भिमाजीच्या घरी गेली. दुपार टळलेली. तो एकटाच, स्टोव्हवर वरण ठेवून भाकरी थापत होता, आणि भाकरी एका बाजूनं फाटत होती. सुलाबाईनं त्याच्यासमोर पोलकं उलटं पसरलं आणि टीप दाखवली. दोऱ्याची हकिगत सांगितली. मग विचारलं, भाऊजी, हे सैल केलं त्याला पुढं किती दिवसांनी सुरी लागली? भिमाजी म्हणाला, आता काय लक्षात राहतंय. ती म्हणाली, गाणं पाठ राहतं तुम्हाला, हे नाय राहत? टाळेबंदीची दिवाळी का त्याच्या पुढची, एवढंच सांगा.

भिमाजीनं स्टोव्ह बंद केला. 

"पुढची," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, आणि या वेळी आवाज गाणाऱ्याचा नव्हता. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात बयानं त्याला गाठ दाखवली होती. तेव्हा ती खरंच लहान होती. त्याला वाटलं जाईल आपोआप. घरात बसून डोकं फिरलं होतं, रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, त्यात बायकोचं दुखणं कुठे काढायचं. सायखेड्याच्या बाजारात एक वैदू बसायचा, त्याचा लेप तो दर बाजाराला आणून द्यायचा. बया तो लावायची, आणि विचारलं की म्हणायची, कमी वाटतंय. ती आपल्याला बरं वाटावं म्हणून तसं म्हणते, हे त्याला कळत होतं, पण ते ऐकायला बरं वाटायचं. दवाखान्यात नेली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. आणि तुकडा काढायच्या आधीच, नुसतं हात लावून, डॉक्टरांनी सांगितलं होतं की काखेतही गाठी आहेत.

"आधीच?" सुलाबाईनं विचारलं.

"आधीच," भिमाजी म्हणाला. "पण मग मी कुणाचं नाव घेऊ, वहिनी? सुरीचं घेतो म्हणून घशाखाली घास उतरतो."

सुलाबाईला त्याची दया यायला हवी होती, आणि पुढे ती आलीही. पण त्या घडीला तिच्या जिवाचा संताप झाला. इतके दिवस जी गाठ उराशी धरून ती बसली होती, ती याच्या घासासाठी.

"तुमचा घास उतरावा म्हणून मी मरू का?"

तिनं पोलकं घडी करून पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या.

घरी आल्यावर तिनं निवृत्तीला सांगितलं, उद्या रजा टाका. त्यानं कारण विचारलं नाही. दवाखान्यात तिनं डॉक्टरणीला इतकंच विचारलं की आत काप घेतल्यावर काठ सुटत नाही का. डॉक्टरणीला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर ती हसली नाही, हे सुलाबाईनं तिच्या खात्यावर जमा धरलं. ती म्हणाली की मांस कापडासारखं नसतं, ते आपलं आपण जुळून येतं, आणि वर आम्ही टाके घालतोच. मग सुलाबाई टेबलावर गेली. पुढे पट्टी सोडली तेव्हा तिनं आरशात बघून ते टाके तपासले आणि निवृत्तीला सांगितलं की बाईचा हात चांगला आहे, पण शेवटची गाठ जरा घाईत मारली आहे.

रिपोर्ट वाईट आला. गाठ कॅन्सरची होती आणि छाती काढावी लागली. त्या दिवशी सुलाबाई रडली, मोठमोठ्यानं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, आणि निवृत्ती तिचा हात धरून नुसता बसून राहिला. पण काखेत काही निघालं नाही. डॉक्टरीण म्हणाली, वेळेवर आलात. सुलाबाईनं तिला ते दोनदा परत म्हणायला लावलं, दोन्ही वेळा तिच्या तोंडाकडे रोखून बघत. पुढे दर तपासणीला ती अशीच रोखून बघायची, आणि डॉक्टरीण हसली तर विचारायची, का हसलात, खरं सांगा.

बरी झाल्यावर तिनं आपल्यासाठी नव्यानं पोलकं बेतलं. डाव्या बाजूला आत कापडाची पिशवी शिवली, त्यात कापूस भरला आणि वजन दोन्हीकडे सारखं यावं म्हणून बाजरीचे दाणे घातले. सुई आता उजव्या बाजूला टोचायची. सवय मोडायला वेळ गेला. कधीकधी हात डावीकडे जायचा आणि सुई कापसात बुडायची. मग ती सुई काढून उजवीकडे टोचायची.

भिमाजीनं त्या दुपारनंतर गोष्ट सांगणं सोडलं. पण गोष्टीला आता त्याची गरज राहिली नव्हती. ती त्याच्या नावावर कॉलनीत फिरतच होती, आणि तो तिला अडवतही नव्हता. सुलाबाईच्या बाबतीत लोक म्हणायचे, तिचं नशीब बलवत्तर. सुलाबाईनं मोतिया दोऱ्याचं कुणाला सांगितलं नाही. भिमाजी समोरून आला की जय भीम म्हणायचा, ती जय भीम म्हणायची, आणि दोघं आपापल्या वाटेनं जायची. त्याचं दुखणं आहे, त्यानंच बोलावं, असं तिला वाटे. आणि तो बोलेल यावर तिचा विश्वास नव्हता.

शहाऐंशी सालच्या जयंतीच्या आठवड्यात ओट्यावर पांढऱ्या कापडाचे ढीग पडले होते. शेजारची लताबाई, दोन पोरांची आई, आपलं जुनं पोलकं घेऊन आली. म्हणाली, नवं याच मापाचं, फक्त उजवीकडून जरा सैल करा, घासतं.

सुलाबाईनं मशीन थांबवलं. तिनं ते पोलकं हातात घेतलं नाही.

"एक बाजू सैल करून मिळायची नाय," ती म्हणाली.

लताबाईला वाटलं मावशीला काम जास्त झालंय. ती म्हणाली, मग जयंती झाल्यावर करा. सुलाबाईनं तिला हाताला धरून आत नेलं, दार लोटलं आणि विचारलं, कधीपासून हाय? लताबाई आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. होळीपासून आहे, घरात कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात गेले तर तुकडा काढतील. आणि सुरी लागली की पसरतं, भिमाजीकाकांच्या बायकोचं तसंच झालं, सगळ्यांना माहीत आहे.

सुलाबाईनं स्वतःचं उदाहरण दिलं. लताबाई म्हणाली, मावशी, तुमचं नशीब. सुलाबाईनं पेटीतून बयाबाईचं पोलकं काढलं, दोरा दाखवला. लताबाईनं बघितलं, पण तिच्या डोळ्यांवरून सुलाबाईला कळलं की ती ऐकतेय, मानत नाहीये. हे डोळे तिच्या ओळखीचे होते. चार वर्षांमागे डॉक्टरणीनं तेच बघितले असणार.

भिमाजी समोर विहारापाशी पताकांच्या दोऱ्या ताणत होता. सुलाबाई ओट्यावर आली आणि तिनं त्याला हाक मारली. तो आला. दारात उभा राहिला आणि त्यानं लताबाईचा चेहरा बघितला, सुलाबाईच्या हातातलं पोलकं बघितलं. सुलाबाईनं त्याला काही समजावून सांगितलं नाही. आता हा काय करतो, ते बघत ती उभी राहिली. हा पुन्हा सुरीच म्हणेल, असं तिला मनातून वाटत होतं.

भिमाजीनं हातातला पताकांच्या दोऱ्याचा गुंडा खाली ठेवला.

"पोरी," तो म्हणाला, "माझ्या बयाला सुरीनं नाय मारलं. तिनं गाठ दाखवली आणि मी दीड वर्ष लेप आणत राहिलो. सुरी लागली तेव्हा ते काखेत गेलेलं होतं. डॉक्टरनं तसं मला सांगितलं होतं. मी हे कुणाला बोललो नाय."

लताबाईचं रडं थांबलं. ती कधी त्याच्याकडे, कधी सुलाबाईकडे बघत राहिली. सुलाबाईनं तिला सांगितलं की उद्या सकाळच्या पहिल्या बसनं आपण दोघी जाऊ, पोलक्याचं नंतर बघू. लताबाईनं मान हलवली आणि घरी गेली. तिची मान खरी हलली की खोटी, याची खात्री नसल्यामुळे सुलाबाईनं सकाळी तिच्या दारातच जाऊन बसायचं ठरवलं.

भिमाजी अजून उभा होता. त्यानं विचारलं, ते पोलकं जरा देता का? सुलाबाईनं दिलं. इतक्या वर्षांत त्यानं ते पहिल्यांदाच हातात घेतलं. त्यानं ते उलटं केलं, डाव्या बाजूच्या टिपेवरून अंगठा फिरवला, गंजलेल्या हुकांपाशी थांबला. तो आता ते घरी नेणार, असं सुलाबाईला वाटलं. नेलं तर नेऊ दे, त्याच्याच बायकोचं होतं. पण त्यानं घडी घातली, तिच्यासारखी नीट नाही, आणि तिच्या हातात परत दिलं.

"हे पेटीतच ठेवा, वहिनी. टीप उसवू नका. कुणी सुरीचं बोललं तर काढून दाखवा," तो म्हणाला, "आणि नाव माझं सांगा."